चित्र पाहावे कसे? : दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राचा अभ्यास

वर्गात सौंदर्यविचाराचा घटक शिकवताना मी वर्षानुवर्षे एक चित्र बरोबर नेत असे. जुन्या कॅलेंडरवरून कापलेले, पुठ्ठ्यावर डकवलेले, कोपरे दुमडलेले. एक स्त्री उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा तिने ज्योतीला आडोसा केला आहे. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे चित्र कुठे ना कुठे पाहिलेले असते. किराणा दुकानाच्या भिंतीवर, दवाखान्यात, भेटकार्डावर आणि आता मोबाइलवर. मी ते फळ्याला टेकवून ठेवी आणि सांगे, "राजा रविवर्मा यांचे हे प्रसिद्ध चित्र." मुले वहीत लिहून घेत. मग भारतीय स्त्री, त्याग, आशा इत्यादी विषयांवर मी पंधरा-वीस मिनिटे बोलत असे आणि तास संपे.

हे चित्र रविवर्म्याचे नाही.

म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यातील जयचामराजेंद्र कलादालनात मूळ चित्रासमोर उभा राहिलो, तेव्हा ही चूक माझी मलाच उमगली. त्या दिवशी जी शरम वाटली ती केवळ नाव चुकले म्हणून नव्हे. नाव कुणाचेही चुकू शकते. इतकी वर्षे ते चित्र माझ्या हातात होते, मी त्यावर व्याख्याने देत होतो आणि तरीही मी ते पाहिलेले नव्हते, याची ती शरम होती. प्रस्तुत लेख त्या शरमेतून लिहिला आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

या चित्राचे कर्ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. आपल्याकडून आंबोलीचा घाट उतरले की जी सावंतवाडी लागते तीच ही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९०८ साली त्यांनी मुंबईत चित्रकलेचे शिक्षण देणारी स्वतःची संस्था काढली. १९१८ साली स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९६८ साली ते वारले. दिव्याचे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास केले आणि ते 'ग्लो ऑफ होप' या इंग्रजी नावाने ओळखले जाते. चित्रात उभी असलेली स्त्री म्हणजे त्यांची कन्या गीता. दिवाळीच्या दिवसांत तिला पेटती ज्योत हाताने झाकून नेताना पाहून त्यांना हे चित्र सुचले, असे सांगतात. या गीताबाई पुढे लग्नानंतर उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तल्या. म्हणजे मी येथे वर्गात हे चित्र भलत्याच्या नावावर खपवत होतो, तेव्हा चित्रातील बाई येथून बसने अडीच-तीन तासांच्या अंतरावर हयात होत्या!

ही चूक माझी एकट्याची नव्हती, हे काही समर्थन नव्हे. पण ती का होते ते पाहण्यासारखे आहे. रविवर्मा १८४८ साली जन्मले आणि १९०६ साली वारले. हे चित्र काढले गेले तेव्हा त्यांना जाऊन चाळीस वर्षे होत आली होती. परंतु १८९४ साली त्यांनी मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या छापखान्याने लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घरोघरी नेऊन पोहोचवल्या. त्यामुळे साडी नेसलेली, गोऱ्या वर्णाची, देखणी, जरा विचारात पडलेली स्त्री दिसली की ती रविवर्म्याची, असा आपला समज झाला. कोणत्याही वनस्पती तुपाला आपले लोक डालडा म्हणत, तसलाच हा प्रकार. त्यात पुन्हा म्हैसूरच्या त्याच कलादालनात रविवर्म्याची अस्सल चित्रेही आहेत. एकाच छपराखाली राहणाऱ्यांची नावे एकमेकांना चिकटली.

आपल्या सीमाभागात 'हे कुणाचे?' या प्रश्नाला आणखीही एक धार असते. ती मी कशाला सांगू? या चित्रापुरते बोलायचे तर ते सावंतवाडीच्या मराठी माणसाने मुंबईत केले आणि कन्नड मुलखाच्या राजधानीने ते जिवापाड जपले. उलट बाजूने पाहा. उडुपीजवळच्या कट्टिंगेरी गावचे के. के. हेब्बार मुंबईस आले, जे. जे. मध्ये शिकले आणि १९९६ साली वारले तोपर्यंत मुंबईकर म्हणूनच राहिले. आपल्या अंकाच्या कन्नड विभागात कुणी हेब्बारांच्या रेषेवर लिहिले, तर मी ते अडखळत का होईना वाचीन.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दरवर्षी जानेवारीत साहित्य संमेलन भरवणारे आमचे कडोली. येथे कवितेची ओळ कुठे लंगडते ते साध्या शेतकऱ्यालाही कळते. बाजारात बैल पाहताना तोच माणूस खांदा, खूर, दात, शेपटी, चाल एवढे सगळे पाहतो आणि मगच तोंड उघडतो. "बैल छान आहे" एवढे म्हणून कुणी पैसे मोजत नाही. चित्रापुढे मात्र आपण "छान आहे" म्हणतो आणि पुढे सरकतो. हे अज्ञान नव्हे, सवय नाही एवढेच. चित्राच्या अभ्यासाला लागणारे सर्वांत मोठे हत्यार आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ते म्हणजे 'कशावरून?' हा शब्द. चित्राविषयी जे जे बोलाल, त्यावर स्वतःलाच विचारा, कशावरून? उत्तर चित्राच्या चौकटीत बोट ठेवून देता आले पाहिजे.

मी प्रथम हा प्रयोग वर्गात केला तेव्हा दहा वाक्ये लिहायला सांगितली. अट एकच : फक्त जे दिसते ते लिहायचे, 'सुंदर', 'करुण', 'अप्रतिम' ही विशेषणे वर्ज्य. पहिले वाक्य आले, "सर, ती दुःखी हाय." कशावरून? तो मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "नाही सर. तसं काय दिसत नाही." डोळ्यांत पाणी नव्हते, भुवया आकसलेल्या नव्हत्या, ओठ शांत होते. दुःख त्याने चित्रात पाहिले नव्हते, माझ्या जुन्या व्याख्यानातून घेतले होते. वडीलधारी मुले नव्या मुलांना नोट्स देतात ना, त्यातला प्रकार!

वर्णन झाले की पुढचा प्रश्न माध्यमाचा. चित्र कशाने आणि कशावर केले आहे? आमचे विद्यार्थी हा प्रश्न गौण समजतात. मीही समजत होतो. तो विचारला असता, तर रविवर्म्याचे नाव घेताना माझी जीभ निदान अडखळली असती. रविवर्म्याची कीर्ती उभी आहे ती कॅनव्हासवरील तैलरंगांवर. हळदणकरांचे हे चित्र जलरंगातले, कागदावरचे आहे. हा फरक केवळ दुकानातून कोणती ट्यूब आणली एवढा नाही. तैलरंगात चित्रकार आधी अंधार रंगवू शकतो आणि त्यावर उजेड चढवू शकतो. चुकले तर खरवडतो, वाळू देतो, पुन्हा लावतो. पारदर्शक जलरंगात तसे चालत नाही. तेथे सर्वांत उजळ जागा म्हणजे खालचा कोरा कागद. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो आणि भोवती पातळ रंगाचे हात एकावर एक देत अंधाराकडे जावे लागते. एकदा गडद झालेली जागा पुन्हा पहिल्यासारखी उजळत नाही. भाजीत मीठ जास्त पडल्यावर जी गत होते तीच.

आता या माहितीनिशी चित्राकडे पाहा. विषय कोणता, तर अंधारातील एक दिवा. म्हणजे कागदाचा बहुतेक भाग काळवंडायचा, पण तळहात, बोटांच्या कडा, हनुवटी आणि गाल एवढ्या जागा सुरुवातीपासून सांभाळायच्या. ज्या माध्यमात अंधार करणे धोक्याचे, त्याच माध्यमात अंधाराचे चित्र करायचे! हळदणकरांनी हे आव्हान जाणूनबुजून घेतले होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ते ठाऊक नसले तरी चित्रच ते सांगते. कशावरून? त्या बोटांवरून. दोन बोटांमधली जी लालसर, जळती रेघ आहे तेथे चित्रकाराचा हात केसभर इकडेतिकडे झाला असता, तर सगळा कागद वाया गेला असता.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. कॅलेंडरच्या छापील प्रतीत माध्यम कळत नाही. शाईला तेल काय आणि पाणी काय, सारखेच. मोबाइलवर तर आणखी घोटाळा होतो. तेथे पडदा मागून उजळलेला असतो, त्यामुळे कोणतेही चित्र थोडेफार दिव्यासारखेच दिसते. कागदाचा उजेड निराळा आणि काचेमागचा उजेड निराळा. शिवाय पडद्यावर सर्व चित्रे एकाच मापाची होतात. टपालाचे तिकीट आणि देवळाचे छत एवढेच दिसते. म्हणून प्रतीवरून अभ्यास करताना मूळ कृतीचे माध्यम, आकार आणि ठिकाण ही तीन उत्तरे मिळवून वहीच्या डोक्यावर लिहावीत आणि जे मिळाले नाही तेथे जागा कोरी ठेवावी. मी ती जागा कोरी ठेवली नव्हती, भरून टाकली होती.

यानंतर मांडणी. एक जुनी युक्ती आहे. डोळे किलकिले करून चित्राकडे पाहावे. तपशील पुसट होतात आणि फक्त काळोखाचे व उजेडाचे मोठे तुकडे उरतात. या चित्रात असे पाहिले की एकच उजळ ठिपका राहतो, दिव्याच्या हाताशी. नजर प्रथम तेथे जाते, तेथून उजेडाच्या वाटेने वर चेहऱ्याकडे चढते आणि मग साडीच्या निऱ्यांवरून खाली उतरता उतरता अंधारात विरते. चित्रकाराने आपल्या नजरेला वाट आखून दिली आहे. आणि गंमत अशी की जिच्यामुळे हे सगळे दिसते ती ज्योत हाताआड आहे. आपण पाहतो ते ज्योतीचे परिणाम. ज्योत उघडी रंगवली असती, तर ती पिवळ्या रंगाचा एक ठिपका झाली असती. कोणताही रंग खऱ्या ज्योतीइतका उजळ नसतो, हे चित्रकाराला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने ती झाकली आणि तिचे तेज आपल्याकडून, पाहणाऱ्याकडून, पुरे करून घेतले.

बोटांतला लालपणा पाहा. रात्री बॅटरीवर तळहात ठेवला की बोटांच्या कडा लाल दिसतात. लहानपणी हा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. उजेड कातडीतून, रक्तातून गाळून येतो म्हणून तो रंग. चेहऱ्यावर पडणारा उजेड मात्र सरळ येतो, म्हणून तो निराळा, पिवळसर. एकाच दिव्याचे दोन रंग! ज्याने हे रंगवले त्याने नुसता विचार केला नव्हता, पाहिलेही होते.

आपल्या परंपरेतही चित्र पाहण्याचे शब्द आहेत. कामसूत्रावरील 'जयमंगला' या टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. रूपभेद म्हणजे आकारांतील वेगळेपण ओळखणे, प्रमाण म्हणजे मापे. भाव आणि लावण्ययोजना ही पुढची दोन. नंतर सादृश्य, म्हणजे वस्तूशी साम्य, आणि शेवटी वर्णिकाभंग, म्हणजे रंग व कुंचला हाताळण्याचे कसब. हे शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या वाचकांना सारखेच परिचित वाटतील. परीक्षेत ते क्रमाने लिहिले की गुण मिळतात, पण चित्राला त्याचा काही उपयोग होत नाही. उपयोग होतो तो एकेक शब्द एकेका जागी लावून पाहिल्यावर. बोटांच्या लाल कडा हे सादृश्य. त्या कडा कोऱ्या कागदातून राखणे हा वर्णिकाभंग. आणि भाव? त्यासाठी मला एका विद्यार्थिनीचे ऋण मान्य केले पाहिजे.

ती मागच्या बाकावर बसणारी, शेतकऱ्याच्या घरची मुलगी. अर्थाची चर्चा चालली होती. कुणी म्हणाले, ती देवळात चालली आहे. कुणी म्हणाले, नवऱ्याची वाट पाहते आहे. प्रत्येकाला मी 'कशावरून?' विचारीत होतो आणि प्रत्येक जण गप्प बसत होता. तेवढ्यात ही उठली आणि म्हणाली, "सर, आमची आज्जी वीज गेल्यावर गोठ्याकडं दिवा घेऊन जाते न्हवं, तेव्हा ती हात असा धरत नाही ओ."

"मग कसा धरते?"

"आज्जी हात आपल्या तोंडाकडनं धरते. म्हणजे उजेड पुढं पडतो, वाट दिसते, डोळ्यावर येत नाही. हिनं हात पलीकडनं धरलाय. हिला वाट दिसायची नाही की."

"कशावरून?"

"हिच्या तोंडावर उजेड हाय, त्यावरनं."

वर्ग क्षणभर गप्प झाला. मी पुठ्ठा उचलून पुन्हा पाहिला. खरेच होते! जो दिवा घेऊन अंधारात वाट शोधतो त्याचा हात ज्योत आणि डोळे यांच्यामध्ये असतो आणि चेहरा अंधारात राहतो. येथे चेहरा उजळला आहे, म्हणजे आडोशाचा हात बाहेरच्या बाजूने आहे. वारा अडतो, पण उजेडही अडतो आणि मागे तिच्याच तोंडावर येतो. अशा स्थितीत तिला पुढचे पाऊल कुठे पडते ते दिसणार नाही. साडीच्या घड्या सरळ आहेत, पदर उडत नाही. ती चालत नाही, थांबली आहे. ही बाई दिव्याने काही शोधत नाही. ती दिवा राखते आहे. तिचे सगळे लक्ष ज्योत विझू नये यावर आहे आणि ती राखता राखता उजेड तिच्यावर पडला आहे. चित्राच्या नावातील 'होप', म्हणजे आशा, हा शब्द मी इतकी वर्षे नावावरून सांगत होतो. त्या मुलीने तो हाताच्या स्थितीवरून सिद्ध केला.

लगेच एका मुलाने शंका काढली की चित्रकाराला चेहरा दाखवायचा होता म्हणून त्याने हात तसा ठेवायला लावला असेल. त्यात अर्थ कसला? शंका रास्त आहे. मुलीला समोर उभे करून व्यक्तिचित्र काढणाऱ्या माणसाला चेहऱ्यावर उजेड हवाच असणार. पण कारागिराची गरज आणि चित्राचा अर्थ यांचे वैर आहे असे का धरावे? देवळाचा खांब छप्पर तोलण्यासाठी असतो आणि तरीही तो डौलदार असू शकतो. हात कोणत्याही कारणाने तेथे आला असो, तो तेथे आहे आणि तेथे असल्यामुळे चित्रातील बाई वाट न पाहता दिवा पाहते आहे. हे चौकटीत दिसते. चित्रकाराच्या मनात काय होते ते दिसत नाही आणि त्यावर पैज लावू नये.

शेवटी मूल्यमापन, आपण सुरुवात नेमकी तेथून करतो! माझे मत विचाराल तर हे चित्र श्रेष्ठ आहे ते तळहातामुळे. चेहरा मला थोडा अधिक गोड वाटतो. त्यात कुठे झोपेचा जडपणा नाही, घामाचा थेंब नाही. म्हणूनच तो कॅलेंडरवाल्यांना आवडला असावा. माझ्या एका सहकाऱ्यांना हे अजिबात मान्य नाही. ते म्हणतात, बापाने रंगवलेला लेकीचा चेहरा आहे, गोड असणारच. यावर आमचा वाद मिटलेला नाही आणि मिटण्याची घाईही नाही, कारण दोघेही चित्रात बोट ठेवून बोलतो.

आणखी एका अंगाने हे चित्र तोलले पाहिजे. ज्या मुंबईत हळदणकर शिकवीत होते त्याच मुंबईत, या चित्रानंतर वर्ष-दोन वर्षांतच, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे ते सहा जण. जे. जे. च्या पठडीतील हुबेहूब रंगवण्यालाच त्यांनी आव्हान दिले. त्यांच्या नजरेने पाहिले तर दिव्याचे हे चित्र एका मावळत्या काळाचे, फार कसबी पण जुने. हळदणकरांच्या नजरेने पाहिले तर या तरुणांना हात कसा काढावा ते येत नसावे. इतिहासाच्या पेपरात एकाला बरोबर ठरवावे लागते. चित्रांच्या दालनात दोघांनाही भिंत मिळते. आपल्या बेळगावातही के. बी. कुलकर्णी यांनी 'चित्रमंदिर'मधून त्या जुन्या, कसून अभ्यास करण्याच्या शिस्तीत विद्यार्थी घडवले. येथेच १९३५ साली जन्मलेले आणि २०२२ साली दिवंगत झालेले चित्रकार रवी परांजपे त्यांचेच शिष्य.

विद्यार्थी विचारतात, "हे झालं बाई आणि दिव्याचं. ज्या चित्रात काहीच नसतं ते कसं पाहायचं ओ?" त्यांच्या मनात वासुदेव गायतोंडे यांची चित्रे असतात. नागपुरात १९२४ साली जन्मलेला, गोमंतकीय वळणाचा हा मितभाषी चित्रकार २००१ साली गेला. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. रोलर आणि सुरी वापरून तो रंगांचे थर चढवी, काढी, पुन्हा चढवी. तेथे 'कोण?' आणि 'कशाचे?' हे दोन्ही प्रश्न बंद पडतात. पण माध्यम कोणते, उजेड कुठून येतो, नजर कुठे थांबते, रंग वर आहे की खालून वर येतो, हे प्रश्न जसेच्या तसे चालू राहतात. हळदणकरांच्या चित्रातून स्त्री वजा केली तरी अंधार व उजेड यांची मांडणी शिल्लक राहते. गायतोंडे तेवढ्याशीच बोलतात. एवढे कळले तरी सध्या पुरे.

गोष्ट नसलेली कलाकृती पाहण्यासाठी मुंबईलाही जायला नको. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याचा अधिकारी बिचिराज याने ती १२०४ साली बांधली. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातील नेमिनाथांची मूर्ती आहे. काळे, झिलईचे खांब आहेत. त्यांच्यावरून हात फिरवावा असे वाटते, पण फिरवू नये. मुखमंडपात उभे राहून मान वर केली की छतातून खाली उमललेले दगडी कमळ दिसते. त्यावरूनच बस्तीला हे नाव पडले. कमळाच्या पाकळ्या ७२ सांगतात : भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकर.

येथे 'कुणाचे?' याचे उत्तर राजाचे आणि बिचिराजाचे मिळते. छिन्नी ज्याच्या हातात होती त्याला आपण हाक मारू शकत नाही. त्यामुळे पाहण्यावाचून गत्यंतरच राहत नाही. दगड जड आणि कमळ हलके. जड वस्तू डोक्यावर टांगलेली असून भीती का वाटत नाही? पाकळ्या एकाच मापाच्या आहेत की मध्याकडे जाताना लहान होतात? खालून पाहणाऱ्यासाठी त्या किती कलत्या ठेवल्या आहेत? उजेड दारातून, म्हणजे बाजूने येतो. सकाळी कोणत्या पाकळ्या उठून दिसतात आणि दुपारी कोणत्या बुडतात? दिव्याच्या चित्रात चित्रकाराने उजेड स्वतः रंगवला होता. येथे शिल्पकाराने फक्त खोली कोरली आणि उजेड सूर्यावर सोपवला.

गेल्या हिवाळ्यात दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. प्रत्येकाजवळ वही व पेन्सिल होती. फोटो काढायचे नाहीत असे सांगितले होते, ते दोघातिघांनी ऐकले नाही. अर्धा तास कुणी बोलले नाही. मग दिव्याच्या हाताविषयी बोललेली तीच मुलगी आणि एक मुलगा पाकळ्या मोजू लागले. माना दुखल्या, मोजणी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मुलीचे बहात्तर भरले आणि मुलाचे अडुसष्ट. तो ऐकेना. पुस्तकात बहात्तर आहेत म्हणून मान्य कर, असे मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. परतीच्या बसची वेळ झाली होती. तो दाराशी थांबून पाकळ्यांच्या एका फेरीचा आराखडा वहीत काढून घेत राहिला. बाकीच्या फेऱ्यांसाठी त्याला पुन्हा जायचे आहे.